खंडेनवमीला धुतलेल्या काचा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. दिवा म्हटल्यावर तुम्हाला देवघरातलं निरांजन आठवलं असेल, किंवा लाईट गेल्यावर घरभर शोधाशोध करून सापडणारी बॅटरी. मी त्यांच्या नात्यातला नाही. मी विमानांशी बोलणारा दिवा आहे. लग्नातल्या भोंग्यासारखा माझा आकार, मागे धरायला मूठ, मुठीखाली दाबायचा खटका आणि डोक्यावर तीन खाचांची एक छोटी दांडी. गेलं वर्षभर मी एका लोखंडी कपाटात पडून आहे. माझ्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आहे आणि तिच्यावर लाखेचा शिक्का आहे. हा शिक्का कसा बसला ते मला आज सांगायचं आहे. सांगताना मधेच गप्प झालो तर घाई करू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पाठीवर पत्र्याची पट्टी होती, ती कधीच गळून पडली. तरुणपणी मी एका मोठ्या विमानतळावर होतो, पण तिथे मला कुणी विचारत नसे. पुढे तिथे नवे दिवे आले आणि मला भुशात घालून, लाकडी पेटीत बंद करून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर पाठवून दिलं. इथे एक छोटी धावपट्टी आहे. तिन्ही अंगांना ऊस, चौथ्या अंगाला कृष्णा, आणि कडेला विमान चालवायला शिकवणारी लहानशी शाळा. शाळेच्या टॉवरला चारी बाजूंनी काचा. त्या टॉवरच्या छताला एका आकड्यात मला टांगलं आणि नाथाजीच्या हवाली केलं.

नाथाजी खंडाळ्याकडचा. फौजेत सिग्नलवर बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला, आणि घरी त्याला करमेना. बायको मागेच गेलेली, मुलगा पुण्याला. इथली नोकरी मिळाली तेव्हा तो इस्त्रीचे कपडे घालून टॉवर चढला आणि पहिल्या दिवशी त्याने मला आपल्या रुमालाने पुसलं. एवढ्या वर्षांत मला असं कुणी पुसलं नव्हतं. वयाने मी त्याच्यापेक्षा मोठाच असेन, पण आमच्यात मानपान नव्हता.

आता माझं काम ऐका. विमानातला वैमानिक टॉवरशी रेडिओवर बोलतो. रेडिओ बंद पडला तर तो बहिरा आणि मुका होतो. अशा वेळी टॉवरमधून माझा झोत त्याच्यावर धरायचा. आकाशातल्या विमानाला स्थिर हिरवा दाखवला म्हणजे ‘उतर’. स्थिर लाल म्हणजे ‘दुसऱ्याला वाट दे, घिरट्या घालत राहा’. पांढराही असतो, लुकलुकणारेही असतात, पण ते राहू द्या. वैमानिकाला दिसलं की तो विमानाचे पंख डावीकडे-उजवीकडे हलवतो. म्हणजे ‘कळलं’. माझ्या पोटात एक लाल काच आणि एक हिरवी काच. दांडी पहिल्या खाचेत ढकलली की हिरवी काच पुढे येते, दुसऱ्या खाचेत लाल. तिसरी खाच रिकामी, तो पांढरा.

खरं सांगायचं तर कामाला मी फारसा यायचो नाही. रेडिओ बंद पडतो कशाला? पण विद्यार्थ्यांना माझी भाषा यावीच लागते. रोज दुपारी नाथाजी मुलांना धावपट्टीच्या कडेच्या पांढऱ्या दगडापाशी उभं करायचा आणि वरून रंग दाखवायचा. मुलं अर्थ ओरडून सांगायची. चुकलं की नाथाजी काच सरकवून डोकं बाहेर काढून म्हणायचा, “आरं गड्या, लाल बगून उतारलास? आता तुजी आय मला काय म्हणंल?”

या मुलांत एक आम्रपाली होती. तासगावकडची. वडील एसटीत कंडक्टर, आणि त्यांच्या वस्तीतून विमानात बसणारी ती पहिलीच. विमान चालवताना तिचा हात लोण्यासारखा मऊ, पण सिग्नल म्हटलं की गडबडायची. जमिनीवरच्या विमानाला हिरवा म्हणजे ‘उड’, पण ती तिथेही आकाशातला ‘उतर’ हाच अर्थ लावायची. बाकीचे हसायचे. नाथाजी मात्र शाळा सुटल्यावर तिला थांबवून घ्यायचा आणि अंधार पडेपर्यंत तिच्यासाठी मला हातात धरायचा. महिनाभरात ती सगळ्यांच्या पुढे गेली. ती त्याला तात्या म्हणायची. डब्यातली चटणी-भाकरी दोघं टॉवरच्या पायरीवर बसून खायची.

तिथेच तिच्या लक्षात आलं. एके दिवशी डबा उघडून तो म्हणाला, “पोरी, ह्यातली लाल मिरची कंची गं? मला हिरवी सोसत न्हाई.” दोन्ही मिरच्या त्याच्या पुढ्यात होत्या. आम्रपालीने आधी मिरचीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

नाथाजीने लपवलं नाही. साताऱ्याच्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं की तंबाखूने डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. माणसं दिसत होती, विमान दिसत होतं, पण लाल आणि हिरवा यातला फरक हळूहळू पुसला गेला होता. “माजं काम खाचंवर चालतंय,” तो म्हणाला. “पैली खाच हिरवा, दुसरी लाल. आंधळा बी करंल. पर सायबाला कळलं तर घरी बशीवतील बग. घरी हाय कोण माजं? कुणाला सांगू नगंस.”

आणि आम्रपालीने मान डोलावली. तिला तो उपकार फेडल्यासारखा वाटला असावा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी कबूल करतो. मला माझा सोबती हवा होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयता-कुदळ पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आणि नाथाजी मला पुजायचा. फौजेतली सवय होती ती, हत्यार नुसतं पुसून पुजायचं नाही, खोलून धुऊन पुजायचं. दरवर्षी तो माझं पोट उघडायचा, दोन्ही काचा काढून चिंचेच्या पाण्याने धुवायचा, धोतराच्या फडक्यावर वाळत ठेवायचा आणि परत बसवायचा. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, पेढा. त्या दिवशी मी नवरदेव असायचो.

त्या वर्षीही त्याने सगळं तसंच केलं. फडक्यावर दोन काचा शेजारी शेजारी वाळत होत्या. खालून कुणीतरी प्रसादाला हाक मारली, तो गेला आणि परत येऊन त्याने काचा उचलल्या. दोन्ही एकाच मापाच्या. त्याने त्या उन्हाकडे धरून बघितल्या, बराच वेळ बघितल्या. मग एक इकडे बसवली, एक तिकडे.

मित्रांनो, चुकीच्या बाजूला बसवल्या. माझ्या पोटातली गोष्ट मला कळणार नाही का? पण दिव्याला खटका दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणं सुरू होणार होती. रोज पहिलं विमान सुटायच्या आधी माझी तपासणी व्हायची. एका विद्यार्थ्याने पांढऱ्या दगडापाशी जायचं, वरून दाखवलेला रंग मोठ्याने सांगायचा आणि वहीत सही करायची. माझा झोत अरुंद असतो, ज्याच्यावर धरला त्यालाच दिसतो. त्या दिवशी पाळी आम्रपालीची होती. बाकी सगळे लांब विमानांपाशी उभे होते, त्यांना फक्त तिचा आवाज ऐकू येणार होता.

नाथाजीने दांडी पहिल्या खाचेत ढकलून खटका दाबला. तिच्यावर लाल झोत पडला.

नाथाजी वरून म्हणाला, “वरड की गं! झोप झाली न्हाई का?” विमानांपाशी दोघं-तिघं हसले. आम्रपालीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा वर बघितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, “हिरवा!”

दुसरी खाच. हिरवा झोत. “लाल!”

तिने वहीत सही केली. तिच्या मनात काय होतं ते तिने पुढे सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. ‘लाल’ म्हणून ओरडले असते तर तात्यांचा सगळ्यांच्या देखत पंचनामा झाला असता. दिवा लागतो कधी? महिना महिना लागत नाही. पाच मिनिटांनी वर जाईन, काचा गुपचूप बदलीन, कुणाला कळायचं नाही. असा तिने विचार केला. आणि ती जिन्याकडे निघालीसुद्धा. पण शिकवणाऱ्या सरांनी तिला हाक मारून इंधन मोजायला पाठवलं, आणि मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून ती गेली.

तेवढ्यात वीरधवल एकटा विमान घेऊन वर गेला होता. हा साताऱ्याचा, सुभेदार उदयसिंहांचा मुलगा, पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला, शिस्तीचा. एक फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत त्याचा रेडिओ बंद पडला.

आणि नेमका गुंडाचा ट्रॅक्टर धावपट्टीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात बंद पडला. गुंडा शेजारच्या गावचा. धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचं काम त्याच्याकडे होतं, ते गवत त्याच्या दोन म्हशींना जायचं. पट्टी ओलांडताना इंजिन थांबलं आणि तो खाली उतरून खटपट करत बसला. आमची पट्टी मधे थोडी उंच आहे. पश्चिमेकडून उतरणाऱ्याला त्या उंचवट्यापलीकडचं दिसत नाही, आणि सकाळचं ऊन तर थेट डोळ्यांत.

टॉवरमधले साहेब ओरडले, “नाथाजी, लाल धर त्याच्यावर! घिरट्या घालू दे त्याला.”

नाथाजीने मला आकड्यावरून काढलं. दांडी दुसऱ्या खाचेत ढकलली, नेम धरला आणि खटका दाबला. हात जराही हलला नाही. बावीस वर्षांच्या फौजीचा हात तो. आणि माझ्या तोंडातून स्वच्छ हिरवा झोत निघाला. दोनच दिवसांपूर्वी तर काचा धुतल्या होत्या.

वीरधवलने पंख हलवले. डावीकडे, उजवीकडे. ‘कळलं.’

“बगितलं पोरानं!” नाथाजी खूश होऊन म्हणाला. पण विमान वळलं ते थेट पट्टीकडे. “आरं, उतरतोय की हा!” साहेब ओरडले. “लाल धर, लाल धर!” नाथाजीने खटका आणखी घट्ट दाबला. तो जेवढा घट्ट दाबत होता तेवढा मी ‘उतर, उतर’ म्हणत होतो. खाली आम्रपाली हातातला इंधनाचा डबा टाकून पट्टीकडे पळत होती, हात हलवत, गुंडाला हाका मारत. गुंडाने वर बघितलं तेव्हा फार उशीर झाला होता. वीरधवलने शेवटच्या क्षणी विमान उचललं, पण चाक ट्रॅक्टरला लागलं.

गुंडा गेला. विमान उलटं होऊन उसात पडलं. वीरधवलची मांडी मोडली.

दुपारी सगळे सांगलीच्या दवाखान्यात गेलेले असताना आम्रपाली टॉवरमध्ये आली. माझं पोट उघडून तिने काचा बदलल्या. एक काच निसटून तिच्या मांडीवर पडली. काम झाल्यावर ती मला मांडीवर घेऊन रडली. मला तिची दया आली आणि रागही आला. ज्या कामाला पाच मिनिटं लागली असती, ते आता करून काय उपयोग होता?

चौकशी लागली. मला तपासलं, तर मी ठणठणीत. नाथाजीने शपथेवर सांगितलं, “म्या लालच दाखीवला.” त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. वहीत त्या सकाळची नोंद होती, दिवा बरोबर, खाली आम्रपालीची सही. मग उरलं कोण? वीरधवल. तो दवाखान्यात सगळ्यांना सांगत होता, मी हिरवाच बघितला. कुणी ऐकेना. गावात तर सरळ म्हणत होते की सुभेदाराच्या पोराला रंग कळत नाही आणि त्याने गुंडाला मारलं. गुंडाची बायको राहीबाई दवाखान्याच्या दारात येऊन त्याला विचारून गेली, “लाल दिसला न्हाई व्हय रं तुला? एवढा लाल?” त्यानंतर म्हणे तो दोन दिवस जेवला नाही.

महिन्याने चौकशीचे साहेब धावपट्टीवर आले. मला खाली आणून टेबलावर ठेवलं. नाथाजीने मला धरायचं, आणि वीरधवलने पांढऱ्या दगडापाशी उभं राहून रंग सांगायचे. तो कुबडीवर आला. उदयसिंह मागे ताठ उभे होते. शाळेची सगळी मुलं एका कडेला.

पहिला रंग त्याने बरोबर सांगितला. दुसराही. तिसऱ्या वेळी मी हिरवा होतो, स्वच्छ हिरवा. तो बघत राहिला. “लाल,” म्हणाला. मग म्हणाला, “नाही, हिरवा.” मग त्याने मान खाली घातली. “साहेब, मला हिरवा दिसतोय. पण तेव्हाही हिरवाच दिसला होता. आता माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही.”

साहेब कागदावर लिहू लागले. उदयसिंहांनी तोंड फिरवलं. नाथाजी पुटपुटला, “म्या म्हटलंच हुतं. पोराला रंग कळत न्हाई.”

तेवढ्यात आम्रपाली मुलांमधून पुढे आली आणि टेबलापाशी उभी राहिली. “लिवू नका साहेब,” ती म्हणाली. घाबरली की तिची गावची बोली बाहेर पडायची. “त्यानं हिरवाच बगितला. काचा उलट्या हुत्या. मला म्हाईत हुतं. म्या खोटं वरडले, खोटी सही केली. मागनं काचा बी म्याच बदलल्या.” मग तिने मिरचीपासून सगळं सांगितलं. साहेबांनी माझ्यातली एक काच काढून नाथाजीसमोर धरली आणि विचारलं, ही कुठली? नाथाजीने ती घेतली, उन्हाकडे धरली, बराच वेळ बघितली आणि टेबलावर ठेवून दिली. “न्हाई सांगता येत, सायेब,” तो म्हणाला.

मग तो तिच्याकडे वळला. “पोरी, त्याच टायमाला का न्हाई गं वरडलीस?”

“तुमाला लाज वाटंल म्हणून, तात्या.”

“माज्या लाजंपायी गुंडा गेला व्हय,” तो म्हणाला, आणि तिथेच मातीत खाली बसला. त्याला उठवायला पहिला हात कुणी दिला माहीत आहे? वीरधवलने, एका हातात कुबडी सांभाळत.

वीरधवलवरचा डाग पुसला गेला. पण तो पुन्हा विमानात बसला नाही. बसलो की झोत डोळ्यांसमोर येतो, असं तो म्हणतो. आम्रपालीला शाळेने काढून टाकलं, वडिलांबरोबर ती तासगावला परत गेली. नाथाजी घरी गेला, ज्या घरी कुणी नव्हतं. राहीबाईने दोन्ही म्हशी विकल्या, गवत कापून आणणारं कुणी उरलं नाही म्हणून. आणि मी, चौकशीतला पुरावा म्हणून चिठ्ठी बांधून शिक्का मारलेला, या कपाटात.

परवा खंडेनवमी झाली. कपाट उघडलं, तर समोर नाथाजी, आणि त्याचा हात धरून आम्रपाली. आता त्याला जवळजवळ दिसतच नाही, हात धरल्याशिवाय चालताही येत नाही. मला पुजायची परवानगी द्या म्हणून त्याने साहेबांच्या पाया पडून विनंती केली होती म्हणे. येताना दोघं राहीबाईच्या दारातून आली होती. तिने दोघांना पाणी दिलं होतं. नाथाजीने चाचपडत माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. काचांना हात लावला नाही. मग पिशवीतून झेंडूचा हार काढला आणि माझ्या मुठीवर घातला.

“कसा दिसतोय गं हार?” त्याने विचारलं. “खंडाळ्याच्या बाजारातनं घेतला. ताजी फुलं हायती म्हणला मला.”

आम्रपालीने हाराकडे बघितलं. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता ही म्हणणार, लय झकास दिसतोय तात्या.

“सुकलाय, तात्या,” ती म्हणाली. “कडा काळ्या पडल्यात. शिळा हार दिला तुमाला.”

नाथाजीने अंदाजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आस्सं,” तो म्हणाला. “आसंच सांगत जा.” आणि दोघंही रडली.

मित्रांनो, तो सुकलेला हार अजून माझ्या मुठीवर आहे. तुम्ही कधी पांढऱ्या दगडापाशी उभे राहिलात आणि वरून कुणी रंग दाखवला, तर तो दाखवणारा तुमचा कितीही लाडका असो, त्याला वाईट वाटू दे, लोक हसू देत. जो रंग दिसेल तोच ओरडा. गुंडा तिकडे ट्रॅक्टरपाशी वाकलेला असतो आणि त्याला तुमच्या आवाजाशिवाय दुसरं कुणी नसतं.